कल्हईवाला उघड्यावर बसायचा

नारायणगावात वारूळवाडीच्या अंगाला एक पत्र्याचं शेड आहे. बांधलं होतं टोमॅटोचे कॅरेट ठेवायला. आता त्याच्या अर्ध्या भागात ओळखीच्या घरातली एक मुलगी रंगीत काचेची तावदानं आणि दिवे बनवते. थोडी काच ती मुंबईहून आणते, बाकीची वाइनच्या रिकाम्या बाटल्यांतून काढते. या गावाला वाइनच्या बाटलीचं नवल नाही. शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाइन केली ती इथल्याच माळावर.

मी गेलो तेव्हा डिसेंबरमधली संध्याकाळ होती. काचेचे तुकडे कापून, कडा घासून, प्रत्येक तुकड्याला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळून तिने टेबलावर मांडून ठेवले होते. आता त्या पट्ट्या एकमेकींना झाळायच्या होत्या. दार ओढून घेतलेलं, कारण अंधार पडला की जुन्नर तालुक्यात दार उघडं टाकून कोणी बसत नाही. उसातला बिबट्या शेडपर्यंत कधी येईल, याचा नेम नसतो. डोक्यावर पंखा गरगरत होता. तिने सांध्यावर ब्रशने फ्लक्स, म्हणजे झाळ धरायला मदत करणारं रसायन, लावला, झाळायची तापलेली इस्त्री टेकवली आणि पांढऱ्या धुराची एक बट सरळ तिच्या नाकाकडे वर चढली. तेवढ्यात चहा घेऊन आलेली तिची आजी दारातच थबकली.

"काय गं, घरात कल्हई लावतीस का काय?"

आजीचं नाक पक्कं होतं. काचकामाच्या अनेक फ्लक्समध्ये झिंक क्लोराइडच्या जोडीला अमोनियम क्लोराइड असतं. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर, कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने फासायचा तोच. नवसागर तापला की फुटतो. त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन झोंबरे वायू निघतात, जरा वर जाऊन थंड झाले की पुन्हा एकत्र येतात, आणि तोच तो पांढरा लोट. धातूवरचा गंज खाऊन कथील धरायला जागा करून देणं हे त्याचं काम. पातेल्यावर तो हेच करतो आणि तांब्याच्या पट्टीवरही हेच करतो. फरक बसण्याच्या जागेचा. कल्हईवाला भट्टी आणि भाता मांडायचा तो वाड्याबाहेर, चिंचेखाली नाही तर वेशीपाशी. आरोग्याचा विचार करून तो तिथे बसायचा असं नाही, त्याला बिचाऱ्याला दुकानच नव्हतं. पण फुकटात मिळालेला वारा त्याच्या कामी येत होता. आपण कला म्हणून तोच उद्योग खोलीत आणला आणि वारा बाहेरच राहिला.

काचकामात हवेत नेमकं काय जातं, त्यातल्या कशाला किती भ्यायचं आणि वाऱ्याची सोय कशी करायची, याबद्दल या धंद्यातल्या लोकांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. भीती आणि धोका यांची गाठ क्वचितच पडते. जो धूर दिसतो त्याला माणसं भितात, आणि जी धूळ दिसत नाही तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

शिशाचंच घ्या. झाळण्याच्या तारेत साधारण ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असतं. ती १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. इस्त्रीचं टोक ३५० ते ४०० अंशांवर असतं. शिसं वितळतं ३२७ला आणि उकळतं १७४९ला. म्हणजे इस्त्रीच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. ती मोजण्याजोगी व्हायला पाचशेच्या आसपास जावं लागतं. डोळ्यांसमोर चढणारा धूर हा फ्लक्सचा असतो, शिशाचा नव्हे. तो निरुपद्रवी नाही. घसा, डोळे, श्वासनळ्या यांना तो खातो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वापरतात त्या राळेच्या फ्लक्सने तर कायमचा दमा जडू शकतो. पण शिसं पोटात जातं ते बोटांवरून. तार हाताळलेली बोटं, त्याच बोटांनी उचललेला बिस्किटाचा तुकडा, ओढणीला पुसलेला हात, ओढणीशी खेळणारं लहान मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका पोटातल्या व रांगत्या मुलांच्या मेंदूला बसतो. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत गेलेलं दशकं मुक्काम करतं. त्यामुळे त्या संध्याकाळी मला धुराइतकीच काळजी वाटली ती आजीने इस्त्रीशेजारी टेकवलेल्या कपबश्यांची.

गुळाचा खडा तोंडात धरला की धूळ-धूर बाधत नाही, असं आपल्याकडे भट्टीवरच्या माणसापासून गिरणीतल्या माणसापर्यंत सगळे सांगतात. कोणी दूध सांगतात. गुळाने घसा मऊ होत असेल, पण रक्तात उतरलेल्या शिशाला गूळ बाहेर काढत नाही. साबण आणि पाणी मात्र ते आत जाण्याआधीच अडवतात.

शिसं वगळून कथील-तांब्याची किंवा कथील-चांदीची तार मिळते. महाग पडते, २२० अंशांच्या आसपास वितळते, सांधा तितका गुळगुळीत बसत नाही. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हा तोटा सोसावा, असं माझं मत. पण तार बदलल्याने फ्लक्सचा धूर थांबत नाही. उलट इस्त्री जास्त तापवावी लागते म्हणून थोडा वाढतोच.

आता रंगाकडे. काचेला रंग येतो धातूंमुळे. कोबाल्ट निळा देतो, क्रोमियम आणि लोखंड हिरवा, मँगनीज जांभळा, सोनं माणकासारखा लाल. बीअरच्या बाटलीचा तपकिरी रंग लोखंड, गंधक आणि कोळसा यांच्या संगतीतून येतो. पिवळा-केशरी-तांबडा हवा असेल तर कॅडमियम आणि सेलेनियम. ही नावं ऐकून नवखा माणूस काचेला हात लावायला बिचकतो, त्याचं कारण नाही. तयार काचेत धातू जाळ्यात अडकल्यासारखा घट्ट धरलेला असतो. लाल काच खिडकीत शंभर वर्षं राहिली तरी तिचा वास येत नाही. प्रश्न तापमानाचा आहे आणि पुडीचा आहे.

कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, सेलेनियम ६८५ला, आणि काचेतले बुडबुडे काढायला पूर्वी सर्रास घालायचे तो सोमल म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड त्याही खूप आधी उडून जातो. काच वितळवायची तर भट्टी १४००-१५०० अंशांवर न्यावी लागते. म्हणजे कच्चा माल भट्टीत पडला की त्यातला काही भाग काचेत न जाता धुराड्यातून निघून जातो. छोट्या विजेच्या भट्टीत तयार काचा एकमेकींवर ठेवून चिकटवायच्या तर ८००च्या आसपास काम होतं. तिथे धातू फारसे सुटत नाहीत. तिथे त्रास देतात ते भट्टीच्या तळाला अंथरलेल्या कागदातले बांधणीचे पदार्थ. चढत्या तापमानात ते जळून वास येतो, त्यामुळे पहिले काही तास झाकण बोटभर उघडं ठेवून खोली हवेशीर राखतात. गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर काचेचे मणी करणाऱ्याचं दुखणं निराळं. तिथली ज्योत अडीच हजार अंशांच्या वर असते, कॅडमियमचा रंग त्यात उकळू शकतो, आणि ज्योत स्वतःच हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनवते. हा वायू कपटी आहे. कामाच्या वेळी थोडा खोकला येतो, आणि खरा त्रास कित्येक तासांनी, रात्री छातीत सुरू होतो.

रंगीत काचेचं दुखणं किती जुनं आहे, ते बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात सापडतं. काच फुंकणाऱ्यांबद्दल लिहितालिहिता तो बायकांच्या बांगड्या-दागिन्यांसाठी रंगीत काच करणाऱ्यांपाशी थांबतो आणि सांगतो की यांचे हाल इतरांपेक्षा वाईट. टाकणखार, अँटिमनी अशा गोष्टी मऊसूत कुटताना ही माणसं तोंडावर फडकं बांधतात, मान फिरवतात, तरी वाफ चुकत नाही. तीनशे पंचवीस वर्षं झाली, फडकं अजून तेच आहे.

आपल्याकडे बांगडीची गोष्ट फिरोजाबादेत जाते. लग्नात कासार जो हिरवा चुडा भरतो, तो बहुधा तिथूनच आलेला असतो. भट्टीवर काढलेल्या काचेच्या वेटोळ्यातून कापलेली प्रत्येक बांगडी तोंडाशी उघडी असते. ती सरळ करणं आणि तिची टोकं जुळवणं हे काम घरोघरी, छोट्या ज्योतीसमोर बसून होत आलं. ज्योत हलू नये म्हणून वारा बंद. वायुवीजन नको असण्याचं इतकं सरळ कारण दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार नाही. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वीस दिवसांच्या अंतराने आले, आणि दोन्हींत याचिकाकर्ते वकील एम. सी. मेहता होते. १० डिसेंबरच्या निकालाने धोक्याच्या उद्योगांतून मुलांना काढायला सांगितलं, त्यात फिरोजाबादच्या काचेचं नाव होतं. ३० डिसेंबरच्या निकालाने ताजमहालाच्या टापूतल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळायला लावलं आणि फिरोजाबाद त्याच टापूत येतं. त्या शहरातली भट्टीची हवा सुधारली असेल तर तिचं मोठं श्रेय संगमरवर पिवळा पडू नये या काळजीला जातं. कामगाराच्या फुप्फुसाने स्वतःच्या बळावर एवढं मिळवलं नव्हतं.

मराठी मुलखाचाही काचेशी जुना संबंध आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायला सुरुवात केली, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपानला जाऊन काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवत, आणि तिथून तयार झालेले कारागीर देशभर पसरले. पुढे १९१६मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने विजेच्या आधीची कितीतरी मराठी घरं उजळली. या मोठ्या कारखान्यांतला धोका आमच्या शेडमधल्यापेक्षा वेगळ्या जातीचा होता. तिथे कच्च्या मालात स्फटिकी वाळूची धूळ असते. फुप्फुसात जाऊन ती सिलिकोसिस करते आणि त्यावर इलाज नाही. तयार काचेच्या चुऱ्यात सिलिका स्फटिकरूपात नसते, म्हणून काच घासल्याने सिलिकोसिस होईल ही भीती बरीचशी अस्थानी. तरी बारीक चुरा श्वासात जाऊ देऊ नयेच. पाणी सोडून घासावं, ओल्या फडक्याने पुसावं. केरसुणी लावली की खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकाच्या पातळीला येते.

बाटल्या वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. बाटलीवर भाजून छापलेली रंगीत अक्षरं किंवा नक्षी असेल तर तो भाग कापून टाकावा. त्या मुलाम्यात शिसं आणि कॅडमियम असू शकतं, आणि ते काचेत नव्हे, पृष्ठभागावर असतं.

जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८मध्ये पुरा झाला. त्याच्या नि ग्रंथालयाच्या रंगीत तावदानांचं जीर्णोद्धाराचं काम काही वर्षांपूर्वी स्वाती चांदगडकर यांनी केलं. अशा खिडकीत काच धरून ठेवणारी पट्टी शिशाची असते. शतकभर समुद्राचा खारा वारा खाल्लेल्या शिशावर पांढरट पूड चढते आणि पट्टी उचकटताना ती उडते. नव्या तावदानात शिसं तारेपुरतं असतं. जुन्यात ते धूळ होऊन तुमची वाट बघत असतं. इथे श्वासाचा मुखवटा चैनीचा नाही.

पोर्टलंड हे अमेरिकेतलं शहर रंगीत काचेचं माहेरघर. तिथे झाडांवरच्या शेवाळाचे नमुने तपासताना सरकारी वनखात्याच्या शास्त्रज्ञांना कॅडमियमचे दाट ठिपके सापडले. ते नकाशावर टाकले तर ठिपक्यांखाली रंगीत काचेचे कारखाने निघाले. २०१६च्या फेब्रुवारीत ही बातमी फुटली. बुल्सआय या नावाजलेल्या कारखान्याने कॅडमियम आणि आर्सेनिक वापरणं थांबवलं आणि पुढे भट्ट्यांना गाळण्या बसवल्या. चाळीसेक वर्षं शेजारी राहणाऱ्यांना जे कळलं नाही, ते शेवाळाने टिपून ठेवलं होतं. खोलीतला धूर बाहेर काढला म्हणजे तो नाहीसा होत नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं.

मग वाऱ्याचं काय करायचं? छताचा पंखा म्हणजे वायुवीजन नव्हे. तो धूर हलवतो, घालवत नाही. जो लोट एका जागी उठत होता तो खोलीभर वाटतो, कोपऱ्यात कोणी अभ्यास करत असेल तर त्याच्यापर्यंत. भिंतीत वर बसवलेला एक्झॉस्ट बरा, पण तो खेचतो ती हवा बहुतेक वेळा जवळच्या फटीतूनच आलेली असते. टेबलावरचा धूर आधी तुमच्या तोंडावरून जातो, मग सावकाश तिकडे.

यामागचं गणित घरी करून बघता येतं. फुंकर मारून हातभर अंतरावरची मेणबत्ती विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. फुंकलेली हवा झोताने लांब जाते, ओढलेली हवा चहूकडून गोळा होते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढं दूर गेलं की ओढीचा वेग साधारण दहाव्या हिश्शावर येतो. फुंकरीला तेवढं मंदावायला सुमारे तीस व्यास लागतात. सहा इंचांची नळी टेबलापासून दोन फुटांवर लावली तर ती केवळ आवाज करते. धूर जिथे उठतो तिथे सेकंदाला निदान अर्धा मीटर वेग हवा, आणि तो मिळतो नळीचं तोंड कामाच्या वीतभर अंतरात, बाजूला किंवा मागे आणलं तरच. वर नको. वर असेल तर धुराच्या आणि नळीच्या मध्ये आपलंच डोकं येतं. कामाच्या तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला तर लहान पंखाही मोठं काम करतो, कारण ओढायला फक्त समोरचीच बाजू उरते.

जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत यायला वाट हवी. बंद शेडमध्ये एक्झॉस्ट लावला की तो गुदमरतो आणि एखाद्या फटीतून उलटा ओढतो. इथेच बिबट्याचा प्रश्न येतो. दार उघडं ठेवता येत नाही, मग माणसाच्या पाठीमागच्या भिंतीत खालच्या बाजूला जाड जाळीची खिडकी. हवा पाठीमागून येते, कामावरून जाते, समोरच्या नळीत शिरते, आणि नाक या वाटेच्या बाहेर राहतं. नळीचं दुसरं तोंड शेजाऱ्याच्या चुलीकडे किंवा गोठ्याकडे नको.

मुखवट्याबद्दल थोडक्यात. कोविडमध्ये घेतलेला एन-९५ धूळ अडवतो, वायू अडवत नाही. फ्लक्सच्या आम्लाला आणि वायूंना त्या-त्या रसायनाची कुपी लावलेला रबरी मुखवटा लागतो, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. मुखवटा ही शेवटची तटबंदी, पहिली नव्हे. काचेवर नक्षी कोरायला मिळणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र घरात आणूच नये. ते कातडीतून आत शिरतं, हाडातलं कॅल्शियम खातं, हृदय थांबवू शकतं, आणि अनेकदा सुरुवातीला दुखतही नाही.

कायदा या शेडपर्यंत पोहोचत नाही. १९४८च्या फॅक्टरी कायद्याचं १३वं कलम वायुवीजनाचं होतं, १४वं धूळ आणि धुराचं. तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिसेबाधा पहिली होती. पण हे सगळं वीज वापरणाऱ्या आणि किमान १० कामगार असलेल्या जागेपुरतं होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या कामगार-सुरक्षा संहितेत हा आकडा २० झाला. एक मुलगी, एक इस्त्री आणि एक आजी कुठल्याच आकड्यात बसत नाहीत.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. कूलर बनवणाऱ्याकडून तिने पत्र्याचा तीन बाजूंचा आडोसा करून घेतला होता, मागे सहा इंची नळी, भिंतीबाहेर पंखा. चहा आता ओट्यावर, हात धुऊन. "काका, चालतंय की नाही कसं कळायचं?" तिने विचारलं. आजी देवघरातून उदबत्ती पेटवून घेऊन आली. काचेच्या तुकड्याशेजारी धरली तर धुराची रेघ दोन बोटं वर गेली आणि मोडून आडवी, आडोशात शिरली. टेबलाच्या कडेला धरली तर नुसतीच हेलकावत राहिली. तिथे झाळायचं नाही, असं ठरवून तिने खडूने रेघ ओढली. पंखा पश्चिमेच्या भिंतीत आहे. जूनमध्ये घाटावरून वारा सुटला की तो त्याच भिंतीवर आदळणार, तेव्हा उदबत्ती पुन्हा लावून बघायची आहे.